भाटाची वही

१

उंबरटाकळीच्या मारुतीसमोर जीप थांबली. कुलथे बाईंनी एक हात दाराला आणि दुसरा गुडघ्याला लावून पाय खाली टेकवला, आणि पारावर नजर जाताच त्यांना कळून चुकलं, की ज्या वहीसाठी आपल्याला वडवणीहून उचलून आणलं ती वही आता इथं नाही.

देवळाला लागून असलेल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. दारात पत्र्याची रिकामी पेटी पडली होती, पेटीशेजारी त्रिंबक भाट डोक्याला हात लावून बसला होता आणि भोवती जमलेलं गाव एकाच वेळी बोलत होतं.

"वही चोरीला गेली, बाई," मोहनराव बादाडे गर्दीतून पुढं येत म्हणाले. "तुम्ही बसा. चहा घ्या."

"चहा घेऊनच निघाले होते मी," बाई म्हणाल्या. "वही नाही तर मला परत सोडा."

वनमाला कुलथे यांनी वडवणीच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीला सात वर्षं झाली होती. तहसील कचेरीत नकला करणाऱ्या वडिलांनी लहानपणी पाटीवर मोडी गिरवून घेतली होती, ती पुढची पन्नास वर्षं कुणाच्या कामाची नव्हती. मग दोन-तीन वर्षांपूर्वी जातीच्या दाखल्यांसाठी निजामाच्या वेळचे कागद शोधायची लाट आली आणि बाईंच्या ओसरीवर रांग लागली. ट्रंकेतले, माळ्यावरचे, उंदरांनी कुरतडलेले कागद. लोकांना ते वाचून नको असायचे. लोकांना मनातलं वाचून हवं असायचं. कुणाला आपला पणजोबा पाटील हवा होता, कुणाला सरदार. कागदात बैलाच्या भांडणाची तक्रार निघाली की माणसं बाईंकडंच संशयानं बघायची.

त्यातलाच हा मोहनरावांचा कार्यक्रम. मोहनराव गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले. त्यांनी 'बादाडे घराण्याचा इतिहास' छापून घेतला होता आणि दसऱ्याला त्याचं प्रकाशन होतं. त्रिंबक भाटाकडं त्रेचाळीस गावांच्या वंशावळीची पिढीजात वही होती. दरवर्षी माघात, ज्वारीची खळी झाली की तो यायचा, पारावर बसून ज्याच्या त्याच्या दारची नावं म्हणायचा आणि म्हणून झालं की लोक त्याला धान्य घालायचे. यंदा मोहनरावांनी त्याला मुद्दाम नवरात्रातच बोलावलं. त्यांची पुण्यात शिकणारी पुतणी राजनंदिनी वहीच्या पानांचे फोटो काढणार होती, बाई मोडी वाचणार होत्या आणि उद्या सगळ्या गावासमोर भाट नावं म्हणणार होता.

"तुम्हाला सोडतो, पण आधी पोलिसांना फोन करतो," मोहनराव म्हणाले. "चोर कोण ते काही शोधायला नको."

त्यांनी लिंबाखाली उभ्या असलेल्या एका माणसाकडं बोट केलं. सगळ्या गावानं तिकडं पाहिलं. तो माणूस काहीच बोलला नाही, आणि त्याच्या त्या गप्प राहण्यानंच अर्ध्या गावाची खात्री पटली.

२

त्याचं नाव आसाराम बादाडे. आडनाव मोहनरावांचंच. पण मोहनरावांच्या घरी त्याला भावकीतला धरत नसत. आसाराम आणि त्याची बायको विमलबाई दर हंगामाला ऊसतोडीला जात. त्यांची टोळी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी निघणार होती. पोलीस आले की आसाराम अडकणार आणि टोळी त्याच्यावाचून जाणार, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

बाईंनाही कळलं. "फोन अर्ध्या तासानं करा," त्या वैतागून म्हणाल्या. "मी तरी विचारते चार माणसांना. तुम्ही सगळे एकदम बोलताय, त्यात चोरसुद्धा बोलत असेल."

त्यांनी आसारामला लिंबाखालीच बसवलं.

"काल इथं भांडण झालं म्हणे."

"भांडण न्हाई, बाई. साडेपाचला गेलतो. हात जोडले, म्हनलं भाटबुवा, आमच्या घराचं पान एकदा दाखवा."

"का?"

"माझ्या पोराच्या, प्रवीणच्या दाखल्यासाठी. मोहनरावाच्या पणज्याचा जुना कागद घावलाय. आमचा आणि त्येंचा मूळ पुरुष एक हाय असं दाखवलं तर आमचा अर्ज पुढं सरकंल. पर मोहनराव म्हनत्यात तुमचा पणजा आमच्याकडं सालगडी होता, त्यानं आमचं आडनाव लावलं. आणि भाटबुवाच्या म्हनण्यात आमचं नाव येत न्हाई, असं लोक सांगत्यात."

"लोक सांगतात म्हणजे? तू ऐकलं नाहीस?"

"माघात आमी कुठं गावात असताव, बाई? कारखान्याच्या तळावर कोपीत असताव."

"बरं. मग भाट काय म्हणाला?"

"म्हनला, तुमचं नाव न्हाई. म्या म्हनलं, न्हाई तर न्हाई, निस्तं पान दाखवा, म्या फोटू काढून कुलथे बाईंकडं नेतो. तर लई चिडला. वही छातीशी धरली आणि म्हनला, चालता हो."

आपलं नाव या भांडणात निघाल्याचं ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "तुझ्या घरची नावं तुला कुठवर येतात?"

"बाप किसन. आज्जा ग्यानबा. पणजा सटवा. त्याच्या पुढं ठाव न्हाई."

इतका वेळ मागं उभी असलेली विमलबाई पदर खोचून पुढं आली. "आमी चोर असतो तर भाटाच्या बायकोला, छबुबाईला हात लावू लागले असते का म्या? सकाळी साडेसहाच्या गाडीला ती एकलीच गाठोडं उचलायली. ज्वारीचं, लई जड. म्या उचलू लागले, गाडीत चढवून दिलं. आणि आता ह्यो आळ."

"छबुबाई कुठं गेली?"

"वडवणीला, बहिणीकडं. दुपारी येते म्हनली."

बाईंनी मान हलवली आणि त्या उठल्या. चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या, मागं वळून विमलबाईकडं जरा वेळ बघत राहिल्या, आणि खोलीकडं चालू लागल्या.

३

खोली लहान होती. एक दार, एक खिडकी. दाराचं कुलूप शाबूत होतं. खिडकीचा एक गज मात्र कधीचाच निघालेला होता आणि मोहनराव त्या फटीकडंच बोट दाखवत होते. "इथून हात घातला. पेटी खिडकीखालीच होती. पेटीला कुलूप नव्हतं."

"कुलूप का नव्हतं, भाटबुवा?"

त्रिंबक भाट पन्नाशी ओलांडलेला, उंच, घशात खर्ज असलेला माणूस होता. एरवी तो बोलायला लागला की दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू जायचं. आता त्याचा आवाज कसाबसा बाहेर येत होता. "लावायचं राहून गेलं, बाईसाहेब. सहाला ओढ्यावर आंघोळीला गेलतो. मारुतीला पाणी घातलं, जप केला. आठाला येऊन बघतो तर पेटी रिकामी."

"छबुबाई साडेसहाला गेल्या. खोलीला कुलूप कुणी लावलं?"

"तिनंच. किल्ली मला ओढ्यावर आणून दिली."

"वही गेली म्हणजे फार मोठं नुकसान झालं तुमचं."

"व्हय. पर दसऱ्याचं काम आडत न्हाई. चाळीस वर्षं म्हनतोय, सगळं पाठ हाय. उद्या म्या तसंच म्हनतो." तो मोहनरावांकडं वळला. "पोलीस-बिलीस नका आणू, मालक. गेली तर गेली. माझ्या बापाची व्हती, माझ्या नशिबात नव्हती."

"तुमच्या नशिबात नव्हती, माझ्या कार्यक्रमात होती," मोहनराव म्हणाले.

बाईंना दोघांचाही राग आला. त्या खिडकीशी गेल्या. फटीतून त्यांनी आपला हात घातला. दंडापर्यंत सहज गेला. मग त्यांनी हातातली पर्स त्या फटीला लावली. पर्स अडली.

"वही केवढी होती?"

कुणी हातभर म्हणालं, कुणी दोन हात. जाड किती, तर कुणी विटेएवढी म्हणालं, कुणी उशीएवढी. चाळीस वर्षं दरवर्षी डोळ्यांसमोर उघडलेली वही, आणि एकाचं माप दुसऱ्याशी जुळेना. बाई दारातच खाली बसल्या.

"माझ्याकडं व्हिडिओ आहे," राजनंदिनी म्हणाली. "गेल्या माघातला. त्यात वही दिसते."

४

राजनंदिनीनं फोन बाईंच्या हातात दिला. पार, ऊन, सतरंजी, आणि मांडी घातलेला त्रिंबक भाट. वही दोन्ही गुडघ्यांवर टेकून दोन बोटं बाहेर आली होती. तिची जाडी चांगली वीतभर होती. खिडकीच्या फटीतून ती वही जाणं शक्यच नव्हतं.

"तो आसाराम सुटला एकदाचा," बाई पुटपुटल्या. "आवाज वाढव."

त्रिंबकाचा खर्ज फोनमधूनही घुमला. बहिरजीचा पुत्र मकाजी, मकाजीचे पुत्र दोन... नावांमागून नावं पाण्यासारखी वाहत होती. त्याचं बोट पानावर फिरत होतं. बाईंनी डोळे बारीक केले.

"हे थांबव. पान मोठं कर. अजून."

पडद्यावर मोडीच्या ओळी आल्या. बाईंनी वरची ओळ वाचली, मग खालच्या दोन. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा वाचल्या.

"हा व्हिडिओ कुठं काढलास?"

"इथंच, पारावर. तो बघा मागं आमचा ट्रॅक्टर आहे."

"आणि यात भाट म्हणतोय ती नावं तुमच्याच भावकीची?"

"हो. काकांचं नाव शेवटी येतं ना. का, काय लिहिलंय?"

बाईंनी फोन परत दिला. "काल फोटो काढायचं भाटाला कुणी सांगितलं?"

"मीच. पाच वाजता. त्यांना वाटत होतं फक्त नावं म्हणायची आहेत. मी म्हटलं, प्रत्येक पानाचा फोटो काढू आणि कुलथे बाई ओळ न ओळ वाचून दाखवतील. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, बाई खरंच मोडी वाचतात का? मी म्हटलं, फाडफाड वाचतात."

"तुला कुणी सांगितलं होतं एवढं कौतुक करायला?"

राजनंदिनी हसली, पण लगेच गंभीर झाली. तिनं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, एक गोष्ट आहे. मी सांगितली असं म्हणू नका. या खोलीची दुसरी किल्ली काकांकडं असते. आज सकाळी सात वाजता मी त्यांना इथून बाहेर पडताना पाहिलं."

५

मोहनरावांनी आधी मान्यच केलं नाही. मग देवाला आलो होतो म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. पाचशे प्रती छापल्यात. पहिल्याच पानावर आहे, मूळ पुरुष सरदार बहिरजीराव बादाडे. तलवार घेतलेलं चित्र काढून घेतलंय."

"सरदार कुणी सांगितलं?"

"आमचे वडील सांगायचे."

"त्यांना कुणी सांगितलं?"

मोहनरावांनी टोपी उलटसुलट केली. "म्हणून तर गेलो होतो. तुम्ही गावासमोर वाचणार. आधी आपण एकदा पान बघून घ्यावं, सरदार दिसतंय का."

"तुम्हाला मोडी येते?"

"नाही. पण तलवारीचं एखादं चित्र वगैरे..."

बाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. "मग? सापडलं चित्र?"

"वहीच नव्हती. पेटी उघडली तर आत नुसतं लाल फडकं. मी गप बाहेर आलो. बोललो असतो तर माझ्यावरच आलं असतं ना."

"म्हणून आसारामवर येऊ दिलंत."

मोहनरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"सात वाजता वही नव्हती," बाई म्हणाल्या. "नक्की?"

"मारुतीची शपथ."

बाई उठल्या. गुडघे दुखत होते, डोकं त्याहून जास्त दुखत होतं. आता त्यांना वही कुठं आहे ते कळलं होतं, कुणी नेली तेही कळलं होतं. का नेली हेही जवळजवळ कळलं होतं, आणि ते कळल्यावर त्यांचा सकाळपासूनचा राग कुणावर काढावा हेच त्यांना सुचेना.

"फोन अजून करू नका," त्या म्हणाल्या. "मला भाटाशी एकटीनं बोलायचंय. आणि कुणी दाराशी कान लावला तर मी तशीच चालत वडवणीला जाईन."

६

त्रिंबक रिकाम्या पेटीवरच बसला होता. बाईंनी पर्समधून कार्यक्रमाची पत्रिका काढली, तिच्या मागं पेनानं एक शब्द लिहिला आणि त्याच्यापुढं धरला.

"एवढं वाचून दाखवा, भाटबुवा."

त्यानं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चष्मा न्हाई, बाईसाहेब."

"व्हिडिओतही नाही. माझा घ्या."

त्यानं बाईंचा चष्मा लावला. बराच वेळ तो त्या एका शब्दाकडं बघत होता. बाहेर कुणीतरी खोकलं. मग त्यानं चष्मा काढून परत दिला.

"मोडी हाय," तो म्हणाला.

"हो. तुमचं नाव आहे. त्रिंबक."

त्रिंबकानं कागद मांडीवर ठेवला आणि तो त्यावरून अंगठा फिरवू लागला.

बाई शेजारी जमिनीवर बसल्या. "छबुबाई साडेसहाला ज्वारीचं गाठोडं घेऊन गेल्या. तुम्हाला धान्य मिळतं ते नावं म्हणून झाल्यावर. नावं तर उद्या म्हणायची होती. मग आज सकाळी एवढी ज्वारी आली कुठून? सातला मोहनराव खोलीत आले तेव्हा वही नव्हती. मधल्या वेळात इथून बाहेर पडलं ते ते एक गाठोडं. आणि गेल्या माघात तुम्ही या गावची नावं म्हणत होतात तेव्हा तुमच्या मांडीवर तलवाड्याचं पान उघडं होतं. वर स्वच्छ लिहिलंय, मौजे तलवाडा. वाचता येणाऱ्यानं ते पान उघडलं नसतं."

त्रिंबकानं कागदाची घडी घातली. मग त्याचा तो दोन गल्ल्या ओलांडणारा आवाज अगदी लहान होऊन बाहेर आला.

"बाप गेला तवा म्या चौदाचा व्हतो. त्याला ल्हिता येत व्हतं, वाचता येत व्हतं. मला म्हनायचा, आधी कान तयार कर, अक्षर मागून शिकवतो. कान तयार झाला आणि बाप गेला. मोडी शिकवणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. शाळेत तर गेलोच नव्हतो, पोटापाण्यामागं फिरायचं. चुलत्यासंगं गावं फिरलो. नावं सगळी डोक्यात व्हती. वही पुढं ठेवली की लोकांचा इश्वास बसायचा, म्हनून ठेवायची."

"आणि नवीन जन्मलेली पोरं? लोकांना घरी जाऊन लिहितो म्हणत असाल ना?"

"डोक्यात." त्यानं कपाळावर बोट ठेवलं. "त्रेचाळीस गावं. बापाच्या मागं एक अक्षर पडलं न्हाई त्या वहीत."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. वर्गात साठ पोरांची नावं पाठ व्हायला त्यांना दिवाळी उजाडायची.

"काल ती पोरगी म्हनली, बाई ओळ न ओळ वाचणार," त्रिंबक म्हणाला. "मग आसाराम आला. पान दाखवा म्हनला. कुठलं पान दाखवू? मला तरी ठाव हाय का त्याचं नाव हाय का न्हाई? रातभर छबू म्हनली, वही न्हाई तर वाचणार काय. पर त्याच्यावर आळ येईल असं न्हाई वाटलं, बाईसाहेब. म्हनून तर म्हनलं पोलीस नका आणू."

"ते मला नका सांगू. बाहेर आसाराम उभा आहे, त्याला सांगा."

"सांगितलं तर मला कोन दारात उभं करंल?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "खोटं सांगून धीर द्यायचं वय नाही माझं. पण छबुबाईंना फोन करा आणि वही मागवा. तुम्ही नाही बोललात तर मला बोलावं लागेल."

७

छबुबाई दुपारच्या गाडीनं उतरली तेव्हा सगळं गाव पारावरच होतं. विमलबाईनं गाठोडं ओळखलं. छबुबाईनं ते सोडलं. वरच्या वीतभर ज्वारीखाली वही होती.

त्रिंबक उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. फार लांबवलं नाही. वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं, वही बायकोच्या हाती मीच पाठवली, आसारामचा काही दोष नाही. काही लोक हसले. एकजण म्हणाला, "म्हंजे आमाला येवढी वर्सं येड्यात काढलं की." मोहनराव तर पोलिसांचा नंबर शोधायलाच लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि उंबरटाकळीचं पान काढलं. "भाटबुवा, तुम्ही म्हणा. मी मनात वाचते. चुकलं तर बोट वर करते."

त्रिंबकानं डोळे मिटले. मग तो म्हणायला लागला. बहिरजीचा पुत्र मकाजी. मकाजीचे पुत्र दोन. बाईंचं बोट ओळीवरून सरकत होतं. सहा पिढ्या, बावन्न नावं, कुणाला मूल नाही, कोण दत्तक गेला, कोण पटकीत गेला. एक नाव मागंपुढं झालं नाही. हसणारे कधी गप्प झाले ते कुणालाच कळलं नाही. बाईंचं बोट एकदाही वर गेलं नाही.

"झालं," त्रिंबक म्हणाला.

"झालं नाही," बाई म्हणाल्या. "इथं बहिरजीला पुत्र दोन लिहिलेत. धाकटा मकाजी, तो तुम्ही म्हटलात. थोरला सटवाजी. सटवाजीचा खंडू, खंडूचा सटवा, सटव्याचा ग्यानबा, ग्यानबाचा किसन." त्या थांबल्या, कारण पुढची ओळ वेगळ्या शाईत होती आणि अक्षर थरथरतं होतं. "किसनचा पुत्र आसाराम, वय वर्षे अडीच."

आसाराम लिंबाखालून पुढं आला. त्याला वाचता येणार नव्हतंच, तरी तो पानावर वाकला आणि बाईंनी बोट ठेवलेल्या जागेकडं बघत राहिला. विमलबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

"बापाचं शेवटचं साल आसंल," त्रिंबक हळूच म्हणाला. "म्या संगं व्हतो. ही नावं म्या ऐकलेली हायती, बाईसाहेब, आता कानाला लागली." तो आसारामकडं वळला. "ज्याच्या दारात उभं ऱ्हाऊन म्हनायचं, त्याचं नाव जिभंवर ऱ्हातं. बाप गेला आणि तुमचं घर हंगामाला जायला लागलं. म्या माघात यायचो, तुमच्या दाराला कुलूप. एक साल म्हनलं न्हाई, दोन साल म्हनलं न्हाई, जीभ ईसरली. वाचता येत असतं तर पानावर दिसलं असतं. मला माफ करा."

आसारामनं एकदा पानाकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "कुलूप व्हतं खरं."

मोहनराव बाईंच्या खांद्यावरून वाकून पानाकडं बघत होते. "बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "बहिरजीच्या पुढं सरदार वगैरे काही? बारीक अक्षरात?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "दुष्काळाच्या साली एक बैल आणि बायको गोदूबाई यांसह गोदेकाठाहून आला, असं आहे. आणि वंशावळीच्या कागदावर तुम्ही सही करणार आहात, आजच, माझ्यासमोर. आसारामचं घर थोरल्याचं आहे."

मोहनरावांनी सही केली. दसऱ्याला पुस्तकाचं प्रकाशनही झालं. पाचशे प्रतींत 'सरदार' या शब्दावर पांढरी चिकटपट्टी होती आणि तलवारीचं चित्र तसंच होतं. प्रवीणचा अर्ज पडताळणी समितीपुढं गेला. समितीनं कागद ठेवून घेतले, आणि बाईंनी तीनदा खेटे घातल्यावर एका साहेबानं मान वर करून पुढची तारीख दिली.

८

त्रिंबक दर बाजारच्या दिवशी वडवणीला बाईंच्या ओसरीवर येऊन बसू लागला. बाई त्याला पाटीवर मोडी आणि बाळबोध अशी दोन्ही अक्षरं गिरवायला लावत आणि चिडत. चौदाव्या वर्षी तयार झालेला कान चोपन्नाव्या वर्षी हाताला काही मदत करत नव्हता. उकार सुटायचे, ओळी डोंगर चढायच्या. तो मात्र पाटी पुसून पुन्हा बसायचा.

माघ लागला तेव्हा तो म्हणाला, "बाईसाहेब, यंदा आधी कारखान्याच्या तळावर जातो. तुमीबी चला. म्या चुकलो तर?"

"माझे गुडघे तुमच्या बापाच्या वहीपेक्षा जुने झालेत," बाई म्हणाल्या, आणि दोन बस बदलून, अंग मोडून घेऊन, कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या तळावर जाऊन पोचल्या.

पाचटाच्या कोप्यांची लांबच लांब रांग होती. मळी आणि धुराचा वास होता. गाडी भरून परतलेला आसाराम तोंड धुऊन, सदरा घालून कोपीपुढं बसला. छबुबाईनं सतरंजी टाकली. त्रिंबकानं वही उघडली, आणि या वेळी आधी पानाची वरची ओळ बोटानं अक्षर अक्षर लावून पाहिली. मौजे उंबरटाकळी. मग डोळे मिटून त्यानं सटवाजीपासून सुरुवात केली. आवाज कोप्यांवरून पार टोकाला गेला. भाकरी थापणाऱ्या बायका हात तसेच ठेवून बघू लागल्या.

आसारामच्या नावापाशी तो थांबला आणि त्यानं पेन काढलं. "पुत्र प्रवीण," तो म्हणाला आणि लिहू लागला. एका शब्दाला एवढा वेळ लागला, की बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"दोन पोरी हायत्या मला," विमलबाई म्हणाली. "त्येबी लिहा."

त्रिंबकानं बाईंकडं पाहिलं. "बापानं लेकी कधी लिहिल्या न्हाईत."

"बापानं बऱ्याच गोष्टी केल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "लिहा."

"नावं काय?"

"थोरली ऋतुजा, धाकटी समृद्धी."

त्रिंबकाचं पेन हवेतच थांबलं. बाईंनी शिकवलेल्या अक्षरांत ऋ अजून आला नव्हता. "मोडीत हे कसं काढायचं, बाईसाहेब?"

बाई मोडी सांगणारच होत्या. मग त्यांनी त्या ओळीतल्या वाकड्या अक्षरांकडं पाहिलं, पोरींच्या आईकडं पाहिलं. "साध्या बाळबोधीत लिहा, भाटबुवा. त्या पोरींना स्वतःला वाचता आलं पाहिजे." आणि त्यांनी मातीत काडीनं ऋ काढून दाखवला.

तो लिहीत असताना सतरंजीच्या कडेला माणसं येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या कडेवर पोर. पलीकडच्या कोपीतली एक म्हातारी पुढं सरकली.

"आमी युसूफ वडगावचे, भाटबुवा," ती म्हणाली. "तीस वर्सं झाली, माघात घरी न्हाई आमी. आमचं कुणी हाय का त्यात?"

"बसा, माय," त्रिंबक म्हणाला, आणि पानं उलटून युसूफ वडगाव शोधू लागला. तिच्यामागं रांग होती. बाईंची परतीची गाडी चार वाजता होती. त्यांनी रांगेतली डोकी मोजायला सुरुवात केली, सतरापर्यंत मोजली, आणि पायातल्या चपला काढून सतरंजीवर नीट बसून घेतलं.